काठ नसलेलं कापड

सहा मण्यांवर सुरू केलेला क्रोशाचा गोफ हातात घ्या आणि त्याचा घेर नीट मोजा. सहा मणी भरत नाहीत, साडेसहा भरतात. मोजण्यात चुकले असं वाटून मी पहिल्यांदा तीनदा मोजलं होतं. चूक माझी नव्हती. हा गोफ एकावर एक ठेवलेल्या बांगड्यांसारखा वाढत नाही, मळसूत्रासारखा चढतो. पहिला वेढा संपतो तिथून दुसरा न थांबता त्याच्या डोक्यावर चढतो, आणि चढताना प्रत्येक मणी खालच्या दोन मण्यांच्या खाचेत बसतो. त्या खाचेपायी अर्धा मणी जास्तीचा येतो. या प्रकरणात जी काही खटपट आहे, ती या अर्ध्या मण्याला सांभाळून घेण्याची आहे.

खटपट कशासाठी, तर कापडावरची नक्षी गळ्यात उतरवण्यासाठी. आफ्रिकेतली काही कापडं अशी आहेत की एकदा पाहिली की डोळ्यांपुढून हलत नाहीत: ठसठशीत रंग, कोनांची आणि चौकटींची मांडणी, आणि एका नक्षीतून दुसरीत जाण्याची एक बेधडक रीत. ती मण्यांत विणून पाहावी असं कुणालाही वाटेल. पण कापड सपाट असतं, त्याला सुरुवात असते, शेवट असतो, दोन्ही बाजूंना काठ असतात. गोफाला यातलं काहीच नाही. डावीकडे गेलेली नक्षी मागून फिरून उजवीकडून परत येते, तीही अर्धा मणी सरकून. म्हणून कापडाचा फोटो समोर ठेवून चौकटी मोजत बसलं की गोफ फसतो. कापड मुळात कसं घडलंय ते समजून घेतलं की मात्र गोफात त्याची जागा आपोआप सापडते.

मणी आणि क्रोशा यांची जोडी आफ्रिकेतली नाही, हे आधीच सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकात युरोपात या विणीच्या बटव्यांची मोठी हौस होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या कैदेत पडलेल्या तुर्की सैनिकांनी याच विणीचे लांबलचक साप केले आणि विकले. कित्येक सापांच्या अंगावर ‘तुर्की कैदी’ अशी अक्षरं आणि साल मण्यांतच विणलेलं आहे. मणी, दोरा आणि एक आकड्याची सुई एवढ्यावर छावणीत बसून होणारं ते काम होतं. आज आपण ज्याला मण्यांचा गोफ म्हणतो तो त्या सापाचाच भाऊ.

सामान थोडं लागतं. काचेचे बारीक मणी आपल्याकडे दुकानात ‘शुगर बीड्स’ म्हणून मिळतात. नंबर वाढतो तसा मणी बारीक होतो. 11 नंबरचा मणी साधारण दोन मिलिमीटरचा, 8 नंबरचा तीन मिलिमीटरचा. शिकताना 8 नंबरच घ्या, डोळ्यांवर दया करा. दोरा घट्ट पिळाचा, सुती किंवा नायलॉनचा. सुई पोलादी, साधारण एक मिलिमीटरची. मणी विकत घेताना एक गोष्ट मात्र सोडू नका: ते एकसारखे हवेत. जपानी मणी महाग पडतात, पण एका मापाचे निघतात. स्वस्त पुडीतले मणी घेतले तर ताटलीत पसरून जाड, चपटे, तिरक्या भोकाचे असे वेगळे काढा. साध्या एकरंगी सरात ते खपून जातात. नक्षीच्या गोफात एक जाडा मणी आजूबाजूच्या सहा मण्यांना ढकलतो आणि रेघ वाकडी होते.

या कामाचं खरं वेगळेपण ओवण्यात आहे. विणायला सुरुवात करण्याआधी सगळे मणी दोऱ्यात ओवून घ्यायचे असतात, आणि नक्षी ठरते ती ओवतानाच. सुई हातात येते तेव्हा नक्षीचं काम संपलेलं असतं. पुढचे आठ-दहा दिवस तुम्ही फक्त त्या क्रमाला गोल आकार देत असता. शेवटी ओवलेला मणी सर्वांत आधी विणला जातो, म्हणून नक्षीचा कागद शेवटाकडून वाचत ओवायचं.

मग सहा साखळ्या घालायच्या, प्रत्येक साखळीत एक मणी अडकवून. टोकं जुळवून कडं करायचं. सुई पहिल्या मण्याच्या डाव्या अंगाने, तो ज्या फासात बसलाय त्या फासाखालून घालायची. मणी उजवीकडे ढकलायचा. ओवलेल्या दोऱ्यावरून नवा मणी खाली सरकवून सुईजवळ आणायचा. दोरा त्या ढकललेल्या मण्यावरून पुढे घेऊन सुईवर घ्यायचा आणि सुईवरच्या दोन्ही फासांतून ओढून काढायचा. झाला टाका. सबंध गोफात एवढा एकच टाका आहे. बसलेले मणी आणि नुकतेच घातलेले मणी वेगवेगळ्या कुशीवर असतात, त्यामुळे वरच्या वेढ्यातला एखादा मणी शेजाऱ्यांसारखा दिसत नसेल तर तो टाका चुकला असं खुशाल समजा आणि उसवा.

पहिले चार वेढे सगळ्यांनाच रडवतात. हातात गोफ नसतो, मण्यांचा आणि दोऱ्याचा गोळा असतो, आणि सुई कुठे घालायची तेच कळत नाही. त्यावर एक जुना, खात्रीचा उपाय आहे. सहा वेगवेगळ्या रंगांचे मणी घ्या आणि एकाच क्रमाने ओवत राहा: लाल, पिवळा, हिरवा, निळा, काळा, पांढरा, पुन्हा लाल, पुन्हा पिवळा. विणताना लालच्या टाक्यात लाल येतो, पिवळ्याच्या टाक्यात पिवळा. पुढचा मणी आणि तुम्ही सुई घालताय तो मणी यांचा रंग जुळला नाही की चूक जागच्या जागी सापडते. वीतभर झाला की या गोफावर सहा रेघा एका अंगाला कललेल्या दिसतात, जिन्याच्या कठड्यासारख्या गोल फिरत वर जाणाऱ्या. त्या तिरक्या रेघांतच पुढच्या सगळ्या नक्षीचं गणित आहे.

ओवलेल्या मण्यांना मनात क्रमांक द्या. विसावा मणी घ्या. त्याचे शेजारी कोण? ओळीतले 19 आणि 21. वरचे 26 आणि 27. खालचे 14 आणि 13. विसाव्या मण्यावरून वर जायच्या वाटा दोन: सहा मोजलेत तर एका अंगाला, सात मोजलेत तर दुसऱ्या अंगाला. एकदा सहा आणि एकदा सात, म्हणजे तेरा मोजलेत तर बरोबर डोक्यावर. सहाच्या गोफात तेरा हा आकडा म्हणूनच महत्त्वाचा. जो क्रम दर तेरा मण्यांनी पुन्हा येतो त्याची रेघ गोफावर सरळ उभी राहते. सातच्या गोफाला हा आकडा पंधरा, आठच्या गोफाला सतरा. एली बेकर आणि सुझन गोल्डस्टाइन या दोघींनी या गणितावर 2014 मध्ये एक आख्खं पुस्तक लिहिलं आहे. त्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट सात रंगांच्या कड्याची. सपाट कागदावरच्या कोणत्याही नकाशाला चार रंग पुरतात. गोफाची दोन टोकं जोडून मेदूवड्यासारखा आकार केला की मात्र असा नकाशा काढता येतो ज्यात सातही रंग एकमेकांना शिवतात, आणि तो मण्यांत विणून मनगटात घालता येतो.

आता कापडांकडे वळू. ‘आफ्रिकन डिझाइन’ असं दुकानात लिहिलेलं असतं, पण त्या शब्दाने काहीच कळत नाही. 54 देशांचा तो खंड आहे. मी तीन कापडं घेते, कारण ती तीन वेगळ्या रीतींनी घडतात आणि गोफात तीन वेगळ्या रीतींनी उतरतात.

पहिलं मालीतल्या बामाना लोकांचं बोगोलानफिनी. ‘बोगो’ म्हणजे चिखल, ‘फिनी’ म्हणजे कापड. पुरुष सुताच्या अरुंद पट्ट्या विणतात, पट्ट्या जोडून कापड होतं, आणि रंगवण्याचं काम परंपरेने बायकांचं. एका झाडाच्या पाल्याच्या काढ्यात कापड बुडवलं की ते पिवळं होतं. त्यावर चिखल लावतात, पण तो साधा चिखल नव्हे. तळ्याच्या तळातला लोहयुक्त गाळ मडक्यात कित्येक महिने मुरवलेला असतो. पाल्यातल्या टॅनिनशी त्यातल्या लोहाची गाठ पडली की काळा रंग धरतो, आणि कापड धुतलं तरी तो जात नाही. चिखल नक्षीवर लावत नाहीत, नक्षीच्या भोवती लावतात. रंगवणारी बाई रेघ काढत नाही, रेघ सोडून बाकीचं सगळं काळं करत जाते. शेवटी त्या सोडलेल्या पिवळ्या रेघांवर तीव्र साबणाचं द्रावण लावून त्या उजळ पांढऱ्या करतात. काळ्याभोर कापडावरची ती पांढरी रेघ म्हणजे उघडं राहिलेलं कापड.

गोफात ही उलटी रीत अगदी सोपी होते, कारण मण्यांत रेघ आणि भोवताल दोन्ही एकाच वेळी ओवावे लागतात. बोगोलानवर नागमोडी रेघा पुष्कळ दिसतात. ती नागमोड अशी ओवा: एक दुधी पाच काळे, असं तीनदा, मग एक दुधी सहा काळे, असं तीनदा. एकूण 39 मणी, तेराच्या तिप्पट. हा 39 चा घास पुन्हा पुन्हा ओवत जा. विणताना पांढरी रेघ तीन वेढे एका अंगाला जाते, मग वळून तीन वेढे दुसऱ्या अंगाला, आणि जिथून निघाली तिच्या बरोबर वर येऊन पोचते. सहाच्या पावलांनी एकीकडे, सातच्या पावलांनी दुसरीकडे. हा क्रम उलटा ओवला गेला तरी नागमोड तशीच निघते, म्हणून पहिल्या नक्षीसाठी मी सगळ्यांना हीच देते.

आणि इथेच चुकीची किंमतही कळते. माझ्या पहिल्या काळ्या गोफात एका ठिकाणी सहाच्या जागी पाचच काळे ओवले गेले होते. एक मणी. तिथून पुढची प्रत्येक पांढरी टिकली एका घराने सरकली आणि रेघ वळायच्या ऐवजी भलतीकडे निघाली. माझ्या लक्षात आलं तेव्हा चार बोटं गोफ पुढे गेला होता. मणी कमी असेल तर उसवण्याला पर्याय नाही. तिथवर उसवायचं, दोरा कापायचा, मणी घालायचा आणि सांधा आत दडवायचा. जास्त असेल तर मात्र सुटका आहे. जास्तीच्या मण्याच्या भोकात दोऱ्याशेजारी टाचणी घालायची आणि बारीक पकडीने मणी फोडायचा. टाचणीमुळे दोरा वाचतो. फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच, काच उडते. तेव्हापासून मी दर 39 मण्यांनंतर थांबून बोटाने मोजते. वेळ जातो, पण उसवण्याइतका नाही.

दुसरं कापड घानाचं केंटे. कुमासीजवळचं बोनविरे हे असांते लोकांचं विणकरांचं गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. पूर्वेकडे एवे लोकही केंटे विणतात. आगोटिमे क्पेटोए हे त्यांचं नावाजलेलं केंद्र. असांते लोक सांगतात की दोघा माणसांनी रानात कोळी जाळं विणताना पाहिला आणि त्याच्याकडून ही विद्या घेतली. अठराव्या शतकात असांते दरबारासाठी परदेशी रेशमी कापड विकत घेऊन ते उसवत, आणि त्या धाग्याने स्वतःची नक्षी विणत. तयार रेशीम उसवून नवं कापड करणारा विणकर मला फार जवळचा वाटतो.

केंटेचा माग अरुंद असतो. त्यावर जेमतेम चार इंच रुंदीची, पण खूप लांब पट्टी निघते. उभ्या धाग्यांचं लांब ताणलेलं टोक समोर एका वजनाला बांधलेलं असतं, आणि काम पुढे सरकतं तसं ते वजन जमिनीवरून घसटत विणकराकडे येतं. अशा कित्येक पट्ट्या शेजारी शेजारी शिवल्या की अंगावर घ्यायचं कापड होतं. पट्टी जवळून पाहिली तर तिच्यात दोन प्रकारचे तुकडे आलटून पालटून येतात. एका तुकड्यात उभे धागे वर दिसतात, म्हणून पट्टीच्या लांबीच्या दिशेने रंगीत रेघा धावतात. दुसऱ्यात आडवे धागे इतके दाट ठोकलेले असतात की उभे पूर्ण झाकले जातात, आणि आडव्या पट्ट्यांचे, चौकटींचे ठोकळे तयार होतात. विणकराने उभे धागे उचलणारे दोन वेगळे संच मागावर लावलेले असतात. एक साध्या विणीसाठी, दुसरा ठोकळ्यांसाठी. उभं, आडवं, उभं, आडवं: केंटेचा ठेका हा आहे.

केंटेच्या चौकटी गोफात उतरवायचा हट्ट मी बरेच दिवस धरला आणि हरले. मणी विटांसारखे खाचेत बसतात, त्यामुळे चौकोनाच्या बाजू सरळ येत नाहीत, आणि घेर साडेसहाचा असल्याने तीन-तीन मण्यांच्या दोन चौकटी पाठीमागे कधी जुळत नाहीत. मग चौकटींचा नाद सोडून मी ठेका घेतला. उभ्या रेघांसाठी तेराचा घास असा: तीन पिवळे, चार हिरवे, तीन पिवळे, तीन हिरवे. विणून पाहा, गोफाच्या एका अंगाला सरळ पिवळा पट्टा आणि दुसऱ्या अंगाला हिरवा येतो. तो उरलेला अर्धा मणी हिरव्यात मुरतो. हा घास दहा वेळा, म्हणजे 130 मणी. त्यानंतर आडवे ठोकळे: 26 लाल, 13 काळे, 26 लाल. मग पुन्हा उभ्या रेघा. गोफ मळसूत्री असल्यामुळे प्रत्येक आडव्या पट्ट्याच्या सुरुवातीला एक पायरी दिसते, ती टाळता येत नाही. पण सगळे आकडे तेराच्या पटीत ठेवले की साऱ्या पायऱ्या एकाच उभ्या रेषेत येतात, आणि गळ्यात घालताना ती रेष मागे फिरवून ठेवता येते. केंटेची पट्टी आणि हा गोफ यांत एकही चौकट सारखी नाही. तरी घानात वाढलेल्या एका बाईंनी तो लांबून पाहून ओळखला होता, आणि त्या दिवशी मला खूप बरं वाटलं होतं.

केंटेच्या नक्षींना नावं असतात, आणि ती कधी कधी देशाच्या इतिहासासारखी बदलतात. 1957 मध्ये घाना स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस देशाचे नेते क्वामे एन्क्रुमा यांनी फातिया या इजिप्तच्या तरुणीशी लग्न केलं. एका केंटेला नाव पडलं ‘फातिया एन्क्रुमाला शोभते’. 1966 मध्ये लष्कराने एन्क्रुमांची सत्ता उलथवली. नक्षी तीच राहिली, नाव झालं ‘एकटा माणूस राज्य चालवत नाही’. आणखी एका नक्षीचं नाव आहे ‘अद्वेनेआसा’, म्हणजे माझं कसब इथे संपलं. तिच्यात कुठेही साधी वीण मोकळी सोडलेली नसते. विणकराने येतं ते सगळं ओतलेलं असतं. 2024 मध्ये युनेस्कोने केंटे विणण्याच्या कलेचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

तिसरं कापड कुबा, काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातल्या कासाई भागातल्या त्याच नावाच्या लोकांचं. त्याच्यापुढे मी आजही विद्यार्थिनीच आहे. ते सुताचं नसतं, राफिया नावाच्या ताडाच्या पानांच्या धाग्याचं असतं. पान जेवढं लांब तेवढाच धागा, म्हणून तुकडे लहान, हाताच्या लांबीच्या आसपास. पुरुष ताड लावतात आणि साधं कापड विणतात. कापड कुटून मऊ करतात आणि मग बायका त्यावर भरतकाम करतात. मखमली कुबाची रीत अशी: सुईतला राफियाचा धागा कापडाच्या एका-दोन धाग्यांखालून काढायचा, गाठ मारायची नाही, आणि दोन्ही टोकं पृष्ठभागाशी धारदार सुरीने छाटायची. असे हजारो तुरे शेजारी शेजारी बसले की मखमलीसारखी लव उभी राहते. गाठ नसूनही धागा सुटत नाही, कारण वीणच इतकी घट्ट असते. एका तुकड्याला महिने लागतात.

त्यावरची नक्षी आधी आखलेली नसते. बाई एका कोपऱ्यातून सुरुवात करते, दोन रेघा एकमेकींखालून-वरून गुंफत नेते, आणि मधेच विचार बदलते. जाळी रुंद होते, रेघ जाड होते, एका रांगेत कोन अचानक उलटा फिरतो. पाहणाऱ्याला आधी वाटतं चुकलं, मग लक्षात येतं की सगळं कापडच अशा वळणांवर उभं आहे. चित्रकार हेन्री मातिसच्या संग्रहात अशी कापडं होती, आणि ती त्याने आपल्या भिंतीवर लावली होती. 1971 मध्ये डोनाल्ड क्रो या गणितज्ञाने कुबा नक्षींचा अभ्यास केला. एखादी नक्षी पट्टीवर पुन्हा पुन्हा येण्याच्या रीती गणिताने फक्त सातच संभवतात. कुबा कलेत त्याला सातही सापडल्या. सपाट पृष्ठभागावर पसरण्याच्या सतरा रीती आहेत. त्यांतल्या बारा सापडल्या. हे शोधताना त्याला पुस्तकं लागली. त्या बायकांनी ते हाताने आणि आठवणीने केलं होतं. कुबा राजाची एक हकिकतही सांगतात: 1920 च्या दशकात मिशनऱ्यांनी त्याला मोटरसायकल दाखवली, तर यंत्राकडे त्याने फारसं पाहिलं नाही, पण वाळूत उमटलेली टायरची खूण पाहून तो हरखला आणि ती नक्षी उतरवून घ्यायला लावली.

असं कापड गोफात कसं आणायचं? घास ठरवून तो शंभर वेळा ओवला तर कुबाचा जीवच जातो. मी बोगोलानचीच नागमोड घेते आणि ती मोडत जाते. तीन-तीनची वळणं चार-पाच वेळा, मग दोन-दोनची, मग एकदम चार-चारची. सहाची पावलं आणि सातची पावलं सारखी ठेवली तर रेघ सरळ वर चढते. काही भागात प्रत्येक वळणाला मुद्दाम पाच काळे तीनदा आणि सहा काळे दोनदाच ओवले, तर सबंध नागमोड हळूहळू गोफाभोवती फिरू लागते. काळा सोडून तपकिरी घ्या, दुधी सोडून राफियाचा फिका पिवळट रंग घ्या, मधेच एक रेघ दोन मणी जाडीची करा. कागदावर आधी काढू नका. या गोफासाठी माझी एकच अट असते: काय बदलायचं ते ओवताना ठरवायचं. नवशिक्यांना याची भीती वाटते, म्हणून हा गोफ तिसरा करायचा, पहिला नाही.

काही गोष्टी गोफात उतरत नाहीत, त्यांच्या मागे लागू नये. घानाच्या अदिंक्रा कापडावरची भोपळ्याच्या सालीत कोरलेली ठशांची चिन्हं सुंदर असतात, पण गोफाचं एका वेळी अर्धंच अंग दिसतं, म्हणजे तीन-साडेतीन मणी. तेवढ्यात चिन्हाचा फक्त डाग होतो. पश्चिम आफ्रिकेत घराघरांत असलेलं रंगीत मेणछपाईचं कापडही सोडून द्यावं. त्याची कथा वेगळीच आहे. इंडोनेशियाच्या बाटिकची नक्कल नेदरलंडच्या कारखान्यांनी यंत्रावर छापली, आणि ती पश्चिम आफ्रिकेत इतकी रुजली की आज जग तिलाच आफ्रिकन कापड म्हणून ओळखतं. त्यातले मोठे वळणदार आकार मण्यांना झेपत नाहीत.

मण्यांचा प्रवास मात्र सांगायलाच हवा, कारण त्यात आपलाही किनारा आहे. खंबायतचे अकीक आणि भारतात घडलेले काचमणी अरबी समुद्र ओलांडून शतकानुशतकं पूर्व आफ्रिकेत गेले. रायगड जिल्ह्यातल्या चौल बंदराच्या जागी सापडलेल्या मण्यांची काच आणि पूर्व आफ्रिकेत सापडलेल्या काही मण्यांची काच एकाच जातीची असल्याचं रासायनिक तपासणीत दिसलं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या मापुंगुब्वे या तेराव्या शतकातल्या राजधानीच्या परिसरात तर आलेले बारीक मणी वितळवून त्यांचे मोठे, जाड मणी ओतत. म्हणजे बाहेरून आलेला माल तसाच गळ्यात न घालता तो आपल्या मनाजोगा करून घेत. आणि सगळीच काच बाहेरून येत होती असंही नाही. नायजेरियातल्या इले-इफे इथे काच मुळापासून तयार होत होती, याचे भक्कम पुरावे मिळाले आहेत.

गोफ किती लांब, किती मणी, हे कुणी विचारलं तर मी आकडा सांगत नाही. हात घट्ट असेल तर मणी जास्त लागतात, सैल असेल तर कमी. दोन इंच विणा, मणी मोजा, नऊने गुणा. 18 इंची गोफाचा अंदाज येईल. 11 नंबरच्या मण्यांत तो हजाराच्या पुढेच जातो. थोडे जास्तच ओवा. मणी उरले तर काढता येतात, कमी पडले तर दोरा जोडत बसावं लागतं. आत काही भरायची गरज नाही, सहाच्या गोफाचा पोकळपणा त्याला मऊ ठेवतो. टोकं अदृश्य जोडता येतात, पण पहिल्या गोफाला साधी टोपी आणि आकडा लावा.

आणि गोफ विकायला काढलात तर एक विनंती आहे. घानाच्या कॉपीराइट कायद्याने केंटे आणि अदिंक्रा यांच्या पारंपरिक नक्षींना तिथल्या लोककलेचा भाग म्हणून संरक्षण दिलेलं आहे. आपण ठेका घेतो, नक्षी जशीच्या तशी उचलत नाही. तरी देणं लागतंच. गोफासोबत एक छोटी चिठ्ठी ठेवा. तिच्यावर ‘आफ्रिकन डिझाइन’ लिहू नका. कापडाचं नाव लिहा, लोकांचं नाव लिहा, आणि माहीत असेल तर गावाचंही: केंटे, असांते, बोनविरे, घाना.